सरबताचा धर्म आणि साखरेचे माप

नागपूरहून वर्धा मार्गाने बाहेर पडले, विमानतळ मागे पडला, की मिहानचा विस्तीर्ण परिसर लागतो. शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव या गावांच्या शेतजमिनींवर हा प्रकल्प उभा राहिला. आज तेथे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, विमानांच्या देखभालीचे केंद्र आहे, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था अर्थात एम्स आहे आणि पतंजलीचे अन्न व वनौषधी उद्यानही आहे. ज्यांची शेती गेली ते ग्रामस्थ, छत्तीसगड व मध्यप्रदेशातून आलेले बांधकाम मजूर, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक आणि वातानुकूलित कक्षांतील तरुण कर्मचारी असा संमिश्र समाज येथे एकाच रस्त्यावर वावरतो. वैशाखातील ४५ अंशांच्या उन्हात या सर्वांना तहान सारखीच लागते. ती भागविण्यासाठी कोणापुढे कोणते पेय, कोणत्या शब्दांनी ठेवले जाते, यात मात्र मोठा भेद आहे. त्या भेदाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विषय जाहिरातशास्त्राचा वाटेल; परंतु त्याची परिणती प्रमेहात होते आणि त्याचा एक मार्ग आपल्या औषधालयांतून जातो, म्हणून तो आपलाही आहे.

एका वर्षातील चार घटना

२०२५ या एका वर्षात चार घटना घडल्या. त्या वेगवेगळ्या वाचल्या गेल्या. एकत्र ठेवल्या असता त्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

पहिली घटना मिहानची. सप्टेंबर २०१६ मध्ये भूमिपूजन झालेल्या पतंजलीच्या प्रकल्पाचे उद्घाटन ९ मार्च २०२५ रोजी झाले. संत्री, मोसंबी, लिंबू आदी फळांवर दिवसाला ८०० टनांपर्यंत प्रक्रिया करण्याची क्षमता असल्याचे सांगण्यात आले. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी लहान आकाराच्या, डागाळलेल्या फळांना बाजार नसल्याने विदर्भातील बागाईतदार वर्षानुवर्षे तोटा सोसत आला आहे. त्याच्या दृष्टीने रसाचा कारखाना ही इष्ट गोष्ट होय, हे आरंभीच नि:संदिग्धपणे नमूद करणे न्याय्य ठरेल.

दुसरी घटना एप्रिलमधील. पतंजलीच्या गुलाब सरबताचा प्रचार करताना स्वामी रामदेव यांनी असा आशय मांडला की, अमुक एका कंपनीचे सरबत घेतले तर त्या पैशातून मशिदी व मदरसे उभे राहतील आणि आमचे सरबत घेतले तर गुरुकुले वाढतील. या प्रकारास त्यांनी ‘सरबत जिहाद’ असे नाव दिले. रोख ‘रूह अफजा’कडे होता. हमदर्द संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. २२ एप्रिल रोजी न्या. अमित बन्सल यांनी, हे वक्तव्य न्यायालयाच्या सदसद्विवेकास धक्का देणारे व असमर्थनीय आहे, असे मत व्यक्त केले. पुढे तशी विधाने व चित्रफिती प्रसृत न करण्याची हमी दिली गेली आणि मे महिन्यात प्रकरण मिटले.

तिसरी घटना पुन्हा मिहानची. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून २०२५ मध्ये सर्व खात्यांना व संस्थांना आपल्या आवारात तेल व साखरेचे प्रमाण दर्शविणारे फलक लावण्याची सूचना केली. जुलैमध्ये तिची बातमी झाली ती एम्स नागपूरच्या संदर्भात. समोसा व जिलेबीवर इशारे छापले जाणार, अशी आवई उठली. तेव्हा हे फलक सर्वसाधारण जागृतीसाठी आहेत, कोणा विक्रेत्याच्या पदार्थावर इशारा छापण्याचा आदेश नाही, असा खुलासा शासनास करावा लागला.

चौथी घटना ऑक्टोबरची. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आदेश काढून, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार नसलेल्या कोणत्याही पेयाच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यासाठी सुमारे आठ वर्षे एकाकी लढा दिला होता.

एकीकडे रसाचा कारखाना, दुसरीकडे धर्माच्या नावाने सरबत, तिसरीकडे साखरेचा फलक आणि चौथीकडे औषधाच्या नावाने साखरपाणी. या चारही घटनांत समान वस्तू एकच आहे, ती म्हणजे साखर. बदलते ते तिचे वेष्टन. आणि वेष्टन ठरते ग्राहकाच्या ओळखीवरून.

हे तंत्र नवे नव्हे

समाजाच्या एका विशिष्ट घटकास हेरून त्याच्याच भाषेत व त्याच्याच अस्मितेला स्पर्श करून साखरयुक्त पेय विकण्याचे तंत्र अमेरिकेत सर्वांत आधी शास्त्रशुद्ध झाले. कोका-कोलाचे वर्चस्व असताना पेप्सीने १९४७ मध्ये एडवर्ड बॉइड या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याची नेमणूक केली आणि केवळ कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी स्वतंत्र विक्रीपथक उभे केले. ज्या काळात जाहिरातींतून या समाजाचे विडंबन होत असे, त्या काळात बॉइड यांनी त्यास सुशिक्षित, प्रतिष्ठित रूपात दाखविले. त्या समाजास याचा अभिमान वाटला आणि तो साहजिक होता. येथेच या तंत्राचे मर्म आहे. ज्याला इतरत्र मान मिळत नाही, त्याला मान देऊन वस्तू विकली की ती वस्तू मानाचे चिन्ह बनते आणि तिच्याविषयी प्रश्न विचारणे हा समाजाचाच अवमान वाटू लागतो.

परिणाम अर्धशतकानंतर दिसले. कनेक्टिकट विद्यापीठाच्या रड केंद्राने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०१८ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलांना दूरचित्रवाणीवर गौरवर्णीय मुलांच्या दुपटीहून अधिक साखरपेयांच्या जाहिराती दिसल्या. जुलै २०१७ मध्ये वॉशिंग्टन परिसरातील दोन कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी कोका-कोला कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. आपल्या समाजात हिंसेपेक्षा गोड पेयांनी ओढवलेल्या रोगांचे बळी अधिक दिसतात, अशी त्यांची व्यथा होती. याउलट न्यूयॉर्क नगरीने २०१२ मध्ये मोठ्या पेल्यांतील साखरपेयांवर मर्यादा आणू पाहिली, तेव्हा तिला विरोध करण्यासाठी अल्पसंख्य समाजांच्या काही नामांकित संघटनाच न्यायालयात उभ्या राहिल्या. त्यांना पेय-उद्योगाकडून देणग्या मिळत असत. ज्यांनी समाजाच्या आरोग्याचा कैवार घ्यावयाचा, त्यांचे तोंड गोड करून ठेवणे हाही विक्रीचाच भाग होता.

मेक्सिकोतील चियापास प्रांतात तर मूळनिवासी समाजाच्या धार्मिक विधींतही कोलाची बाटली प्रविष्ट झाली. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून साखरपेयांवर प्रतिलिटर १ पेसो कर लावला आणि पहिल्याच वर्षी खप सरासरी ६ टक्क्यांनी घटला. घट सर्वाधिक झाली ती गरीब कुटुंबांत. किंमत हे शस्त्र दोन्ही बाजूंनी चालते, हा त्यातील धडा आहे.

आपल्याकडील ‘इंडिया बी’

भारतात ओळख प्रथम हेरली गेली ती खिशावरून. १९७७ मध्ये देश सोडून गेलेली कोका-कोला १९९३ मध्ये परतली. काही वर्षांतच कंपनीने आपल्या बाजारपेठेचे दोन भाग पाडले. महानगरांतील सुस्थित तरुणांचा ‘इंडिया ए’ आणि लहान शहरे व खेडी यांचा ‘इंडिया बी’. या दुसऱ्या भारतासाठी ‘ठंडा मतलब कोका-कोला’ ही मोहीम आली. प्रसून जोशी यांच्या लेखणीतून उतरलेल्या त्या जाहिरातींत आमीर खान कधी मुंबईचा टपोरी, कधी हैदराबादी दुकानदार, तर कधी पंजाबी शेतकरी होऊन आला. प्रत्येक प्रांताला त्याचीच बोली ऐकविली गेली. जोडीला २०० मिलिलिटरची बाटली ५ रुपयांत आली. खेड्यात पाहुण्याला ‘ठंडा’ विचारणे म्हणजे ताक, पन्हे, लिंबूपाणी वा माठातील पाणी पुढे करणे असे. मोहिमेने तो शब्दच ताब्यात घेतला. एखाद्या वस्तूचे नाव बदलता येते. येथे तहानेचे नाव बदलले गेले.

५ ऑगस्ट २००३ रोजी विज्ञान व पर्यावरण केंद्राने शीतपेयांतील कीटकनाशकांच्या अंशांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. देशभर खळबळ उडाली. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तिने केंद्राच्या निष्कर्षांना दुजोरा दिला. ही चर्चा आवश्यकच होती. तथापि तिच्या गदारोळात बाटलीतील कीटकनाशकाच्या सूक्ष्म अंशाकडे साऱ्यांचे लक्ष गेले आणि ढळढळीत २० ग्रॅम साखरेकडे कोणाचेच गेले नाही. २०२३ मध्ये रिलायन्सने पुनरुज्जीवित केलेला ‘कॅम्पा’ १० रुपयांच्या लहान बाटलीतच बाजारात आला. वीस वर्षांत कंपन्या बदलल्या, स्वदेशी-विदेशी वाद झाले. युक्ती तीच राहिली.

श्रद्धेच्या बाटलीतील साखर

खिशानंतर श्रद्धा. या बाबतीत कोणा एकाच धर्माकडे बोट दाखविणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २००२ मध्ये फ्रान्समध्ये तौफिक मथलूथी यांनी ‘मक्का कोला’ काढला. अमेरिकी पेयांवर बहिष्कार घालू इच्छिणारा मुस्लिम ग्राहक हे त्याचे लक्ष्य होते आणि नफ्याचा काही भाग पॅलेस्टिनी मुलांना जाईल, असे अभिवचन होते. पुढील वर्षी ब्रिटनमध्ये ‘किब्ला कोला’ आला. बाटलीवरील निषेध प्रामाणिक असेल. आतील साखर मात्र ज्या पेयाचा निषेध करावयाचा त्याच जातीची होती.

‘रूह अफजा’चा इतिहास याहून वेगळा व जुना आहे. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी जुन्या दिल्लीत १९०६ मध्ये हमदर्द दवाखाना सुरू केला आणि लगेचच उष्माघातावरील उतारा म्हणून हे सरबत सिद्ध केले. गुलाब, केवडा, वाळा या द्रव्यांच्या निवडीमागील विचार आपल्याला परका नाही. १९४८ पासून भारतातील हमदर्द ही वक्फ संस्था आहे. तिच्या उत्पन्नातून शिक्षण व आरोग्याची कामे चालतात. युनानी ही आपली भगिनी वैद्यकपद्धती होय. महाराष्ट्रात आयुर्वेद व युनानी या दोहोंच्या व्यावसायिकांची नोंदणी एकाच परिषदेत होते. अशा पेयाची लढाई आयुर्वेदाचे नाव घेऊन, धर्माच्या आधारे लढली जावी, हे आम्हांस वैद्य या नात्याने क्लेशदायक वाटते.

परंतु येथेच थांबलो तर आपला विचार अर्धवट राहील. न्यायालयापुढे प्रश्न होता तो बदनामीचा व सामाजिक सलोख्याचा. वैद्यापुढील प्रश्न आणखी एक आहे. या दोन्ही सरबतांचा मुख्य घटक कोणता? उत्तर लेबलावरच आहे : साखर. सरबताच्या पाकात विद्राव्य घनद्रव्य साधारणत: ६५ टक्के असावे लागते, त्याहून कमी असेल तर तो टिकत नाही. असा ३० मिलिलिटर पाक एका पेल्यात घातला की सुमारे २५ ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली कमाल मर्यादा प्रौढास दिवसाकाठी ५० ग्रॅम आणि अधिक हितकर मर्यादा २५ ग्रॅम आहे. म्हणजे एका पेल्यात दिवसाचा हितकर वाटा संपला. तो पेला मोमिनपुऱ्यात इफ्तारच्या वेळी घेतला की इतवारीत रामनवमीच्या शोभायात्रेत, यकृत व स्वादुपिंड ती विचारणा करीत नाहीत. प्रमेहास धर्म नाही; मात्र प्रमेहाकडे नेणाऱ्या जाहिरातीला तो चिकटविता येतो.

‘अमक्याचे सरबत घेऊ नका, आमचे घ्या’ या वादाचा सर्वांत मोठा दोष हाच, की तो ऐकणाऱ्या दोन्ही समाजांचे लक्ष साखरेवरून उडवितो. एक समाज निष्ठेने एक बाटली घेतो, दुसरा अभिमानाने दुसरी घेतो, आणि दोघेही पूर्वीपेक्षा अधिक सरबत पितात.

औषधाच्या वेषात

तिसरा वेष औषधाचा, आणि तो आपल्या दुकानांतून विकला जातो. औषधाच्या दुकानात काउंटरवर ठेवलेली फळांच्या चवीची ‘ओआरएस’ नामधारी पेये आपण सर्वांनी पाहिली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर क्षारसंजीवनीत ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. ज्या पेयात १०० मिलिलिटरला १० ग्रॅम साखर आहे, त्यात लिटरला १०० ग्रॅम झाली, म्हणजे सातपटीहून अधिक. अतिसाराने क्षीण झालेल्या बालकास असे पेय दिले तर आतड्यांत पाणी ओढले जाऊन अतिसार वाढतो. प्राधिकरणाने २०२२ मध्ये या नावास मनाई केली होती. नंतर ‘हे ओआरएस नव्हे’ अशी सूक्ष्म अक्षरांतील टीप छापण्याच्या अटीवर ती शिथिल केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही सवलत काढून घेतली गेली. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. नोव्हेंबरमध्ये प्राधिकरणाने असा माल दुकानांतून हटविण्यास राज्यांना सांगितले.

ही टीप कोणासाठी होती, याचा विचार करावा. इंग्रजीत छापलेली बारीक ओळ वाचू शकणारी आई बहुधा डॉक्टरांनाही विचारू शकते. मिहानच्या बांधकामावर राबणारी, छत्तीसगडी बोलणारी आई केवळ तीन अक्षरे आणि संत्र्याचे चित्र पाहते. तिला हेरण्यासाठी वेगळी जाहिरात करावी लागत नाही. तिचे अज्ञान हेच लक्ष्य असते.

विदर्भापुरता आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. सिकलसेल हा रक्तविकार येथील आदिवासी समाजांत आणि अनुसूचित जातींत, पर्यायाने बौद्ध समाजातही, मोठ्या प्रमाणावर आढळतो. शासनाने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या उच्चाटनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. या रुग्णांस निर्जलीकरणाने वेदनेचा झटका येऊ शकतो; म्हणून ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला दिला जातो. या सल्ल्याचा अर्थ ‘ताकद देणारे गोड पेय प्या’ असा होऊ न देणे आपल्या हातात आहे. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी लाखोंच्या संख्येने येणाऱ्या बांधवांना स्वयंसेवी मंडळे वर्षानुवर्षे पाणी व भोजन देतात. शुद्ध पाण्याची ही सेवा कोणत्याही रंगीत पेयापेक्षा आरोग्यदृष्ट्या श्रेष्ठ आहे, हे तेथे उभ्या राहणाऱ्या वैद्यकीय शिबिरांतून आवर्जून सांगावे.

शास्त्राचा आधार आणि शास्त्राचा आडोसा

कोणी म्हणेल, आपल्या ग्रंथांतच ग्रीष्म ऋतूत मधुर, शीत, द्रव पदार्थ आणि शर्करायुक्त मंथ सांगितला आहे. मग सरबतास दोष का द्यावा? प्रश्न रास्त आहे. चरकसंहितेतील ऋतुचर्येत तसे विधान आहे, हे खरे. परंतु तो विधी ऋतूने बांधलेला आहे, मात्रेने बांधलेला आहे आणि अग्निबल पाहून द्यावयाचा आहे. त्याच संहितेत प्रमेहाच्या निदानात सुखासीनता, अतिनिद्रा, नवान्न, दही व गुळाचे विकार यांची गणना केली आहे. एका हाती ग्रीष्मचर्येचा आधार घ्यावयाचा आणि दुसऱ्या हाती प्रमेहनिदान झाकून ठेवावयाचे, हा शास्त्राधार नव्हे. तो शास्त्राचा आडोसा आहे. वातानुकूलित कक्षात दहा तास बसणाऱ्या कर्मचाऱ्यास ग्रीष्मातील पथिकाचे पानक बारमाही देणे कोणत्याही संहितेस संमत नाही.

सुश्रुताचार्यांनी प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार केले. त्यांच्या चिकित्सेतील एक भाग आम्हांस नेहमीच विलक्षण वाटतो. निर्धन प्रमेह्याने पादत्राण व छत्री न घेता, भिक्षेवर राहून, दूरवर चालत जावे; विहीर खणावी; धनवानाने श्यामाक-नीवारादी तृणधान्यांवर राहावे, असा तो उपदेश आहे. आजच्या काळात तो जसाच्या तसा अमलात आणावयाचा नाही. परंतु रुग्णाची सांपत्तिक स्थिती व जीवनक्रम पाहून आचार्य पथ्य बदलतात, हे ध्यानी घ्यावे. कंपनीही ग्राहकाची स्थिती पाहून बाटली बदलते. दोघेही माणसाला ओळखतात. एकाचा हेतू त्यास रोगमुक्त करण्याचा, दुसऱ्याचा त्यास ग्राहक करण्याचा. वैद्याने विक्रेत्याइतकेही समाजाचे निरीक्षण केले नाही, तर पराभव निश्चित आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार भारतात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरील हा समुदाय आपल्याकडे सर्दी, आम्लपित्त, अंगदुखी यांसाठी येतो. तो काय पितो, हे विचारण्याची संधी प्रथम आपल्यालाच मिळते.

दवाखान्यात आणि औषधालयात

वैद्यबंधू-भगिनी व औषधालयांचे चालक यांच्या विचारार्थ काही सूचना येथे मांडतो.

पहिली, प्रश्नपरीक्षेत पेयांचा स्वतंत्र प्रश्न असावा. ‘गोड खाता का?’ असे विचारले तर रुग्ण ‘नाही’ म्हणतो, कारण सरबत व चहा तो खाण्यात धरत नाही. ‘दिवसभरात पाण्याखेरीज काय काय पिता?’ असे विचारावे.

दुसरी, लेबलावरील आकडा रुग्णास चमच्यांत सांगावा. १०० मिलिलिटरचे साखरेचे ग्रॅम पाहावेत, बाटलीच्या मापाने गुणावेत आणि ५ ने भागावे. तितके चहाचे चमचे झाले. २०० मिलिलिटरच्या कोलात चार चमचे होतात. आपल्या चहात चौथा चमचा कोणी घालीत नाही.

तिसरी, फळाच्या चित्रावर विसंबू नये. ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणविण्यास १० टक्के फळरस पुरतो. सप्टेंबर २०२५ च्या करबदलात वायुयुक्त पेयांवर ४० टक्के कर राहिला आणि फळरसाच्या पेयांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. संत्रा उत्पादकास याचा लाभ व्हावा. परंतु स्वस्त झाले ते निरोगी झाले, असे नव्हे. प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये ‘१०० टक्के फळरस’ हा दावा काढण्यास सांगितले आणि त्याच वर्षी पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणण्यासही आक्षेप घेतला. संत्र्याच्या दिवसांत संत्रे खावे, हा सल्ला नागपुरात तरी कोणास महाग पडणार नाही.

चौथी, औषधालयात सूत्रानुसार असलेली क्षारसंजीवनीची पुडीच ठेवावी. पुडी देताना किती पाण्यात घालावयाची, ते रुग्णाच्या भाषेत सांगावे. गोड पेयांच्या कंपन्या शीतकपाट व फलक विनामूल्य देतात. ते स्वीकारल्यास दुकानाचा दर्शनी भाग त्यांचा होतो. औषधालयाच्या दारात काय दिसते, त्यास लोक वैद्याची संमती समजतात.

पाचवी, उपवासाच्या काळात रुग्णाच्या आचाराचा आदर राखून मार्गदर्शन करावे. रमजानमध्ये मधुमेही रुग्णांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे उपलब्ध आहेत. रक्तशर्करा ७० हून खाली वा ३०० हून वर गेल्यास रोजा सोडावा, असे ती सांगतात. महिना सुरू होण्यापूर्वीच रुग्णास बोलावून औषधांच्या वेळा ठरवाव्यात. इफ्तारला आधी पाणी, एखाद-दुसरा खजूर, मग ताक किंवा सब्जाचे बिनसाखरेचे पाणी, असा क्रम सुचवावा. नवरात्रातील साबुदाणा व बाटलीबंद सरबत यांविषयीही तितक्याच स्पष्टपणे बोलावे. एका समाजाच्या सणाला पथ्य सांगावयाचे आणि दुसऱ्याच्या सणाला मौन बाळगावयाचे, हे वैद्यास शोभत नाही.

सहावी सूचना अधिक अवघड आहे, कारण ती आपल्या स्वत:च्या फडताळाविषयी आहे. अवलेह, पाक व आसवारिष्टे यांत साखर व गूळ मोठ्या प्रमाणात असतो. विशेष मान सांगितले नसेल तेथे एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, ही शार्ङ्गधरांची परिभाषा आपण महाविद्यालयात शिकलो. संधानात त्यातील काही भाग रूपांतरित होतो, सर्व नव्हे. औषध म्हणून परवाना असलेल्या कल्पांवर खाद्यपदार्थांप्रमाणे पोषणतक्ता छापला जात नाही. ज्या फार्मसी स्वेच्छेने प्रत्येक मात्रेतील साखरेचे प्रमाण छापतील, त्या आयुर्वेदाची विश्वासार्हता वाढवतील. २०२२ च्या ‘आयुर्वेद आहार’ नियमांमुळे सरबते व पानके आता खाद्य म्हणूनही बाजारात येत आहेत. त्यांच्या विक्रीत ‘आयुर्वेद’ हा शब्द साखर झाकण्यासाठी वापरला जाणार नाही, हे पाहण्याची पहिली जबाबदारी आपली आहे; न्यायालयाची नंतर.

उपसंहार

चरकाचार्यांनी वैद्याच्या चतुर्विध वृत्तीत मैत्री प्रथम सांगितली आहे आणि ती सर्व प्राणिमात्रांविषयी आहे. मैत्रीचा अर्थ येथे अगदी व्यावहारिक आहे. ताजबागला उरुसास येणाऱ्या भाविकास, दीक्षाभूमीवरील उपासकास, गोंड पाड्यातील युवकास आणि रामनगरातील गृहिणीस साखरेचे एकच माप सांगणे, ही ती मैत्री होय. विक्रेता प्रत्येकास वेगळी बाटली दाखवील. आपण प्रत्येकास तीच बाटली उलटी करून मागील बाजूचा आकडा दाखवावा.

विदर्भाच्या उन्हाला उतारा विदर्भाच्याच स्वयंपाकघरात आहे : माठातील वाळ्याचे पाणी, पातळ ताक, ज्वारीची आंबील, बेताच्या गुळाची चिंचवणी, मीठ-जिरे घातलेले कैरीचे पन्हे. यांची जाहिरात करणारा कोणी नाही, कारण यांत नफा नाही. ते काम वैद्याच्या चिठ्ठीने करावे. औषधांच्या नावांखाली एक ओळ पेयाचीही लिहावी; तिला पैसे पडत नाहीत आणि ती कोणत्याही धर्माच्या रुग्णाला सारखीच लागू पडते.